दुसरा भाग आणि माझा डावा कल्ला

आमच्या गावात कटिंगचं दुकान एकच आहे. त्या भाऊंशी बिनसलं तर डोकं घेऊन थेट दारव्ह्याची एसटी धरावी लागते. म्हणून गावात सरपंचाशी भांडणारे आहेत, तलाठ्याशी भांडणारे आहेत, भाऊंशी कोणी भांडत नाही. मी तर नाहीच नाही. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. गावाच्या हिशेबानं ग्रहण, विंचू, मोटारीचा स्टार्टर, मंगळयान आणि बिघडलेला मिक्सर या सगळ्यांचा निकाल माझ्याकडे. 'सर, तुमी सायन्सचे' एवढं कोणी म्हटलं की सुटका नसते.

मार्च संपत आला होता. रविवारची संध्याकाळ. दुकानात वाकूनच शिरावं लागतं, कारण शटर पुरतं वर जात नाही. गुंडाळीच्या खोक्यात चिमण्यांनी घर केलंय. पूर्ण उचललं तर काड्या खाली येतात, म्हणून भाऊ ते छातीएवढंच उचलतात आणि खाली विटेचा टेकू देतात. गावातल्या मोठमोठ्या माना तिथं झुकतात.

खुर्चीत बसलो, भाऊंनी गळ्याभोवती कापड आवळलं आणि माझा चष्मा काढून पावडरच्या डब्यावर ठेवला. माझा निम्मा पराभव इथंच होतो. नंबर उणे साडेपाच. चष्मा नसला की आरशातला माणूस मी आहे की मागच्या पोस्टरवरचा हिरो, हे केवळ अनुभवानं ओळखायचं. पुढचा अर्धा तास माझ्या डोक्यावर काय चाललंय हे मला फक्त आवाजावरून कळतं.

आणि आवाज आला तो टीव्हीचा. '2.0' लागला होता, रजनीकांतच्या 'रोबोट'चा दुसरा भाग.

"लागला पुन्हा," भाऊ म्हणाले. कात्री थांबली. "सर, तुमीच सांगा. पयला 'रोबोट' अन् हा, याच्यात काही तुलना हाये का?"

मी तोंडातच 'हं' म्हणालो. हा हुंकार मी बरीच वर्षं घोटून तयार केलाय. होकार आणि नकार दोन्ही पक्षांना तो आपापला वाटतो.

गावाबाहेरच्यांना या वादाची खोली कळायची नाही. 2010 च्या ऑक्टोबरात रजनीकांतचा 'रोबोट' आला. सोयाबीन निघालेलं, हातात थोडा पैसा, आणि भाऊ तेव्हा वीस-बावीस वर्षांचे. काळी-पिवळीत चौदा जण कोंबून ही मंडळी यवतमाळला गेली. येताना रात्री गाडी पंक्चर झाली. स्टेपनी होती, तीही पंक्चर. मग चौदाही जणांनी रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या उजेडात, पिक्चरमधले हजार रजनीकांत-रोबोट एकमेकांना चिकटून गोळा कसा होतो, साप कसा होतो, ते स्वतः करून पाहिलं. गोळा जमला, सापाची शेपटी नालीत गेली. ही हकिकत मी भाऊंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की आता मीही त्या गाडीत होतो असं मला वाटतं. त्या चौदांतले गावात आता चौघं उरलेत. बाकी चाकण, पुणे, सुरत. त्या रात्रीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा आरशाच्या चौकटीत अजून खोचलेला आहे. छपाई उडून तो पार कोरा झालाय, पण पुसायचं फडकं त्याच्या भोवतालून फिरतं.

दुसरा भाग आला 29 नोव्हेंबर 2018 ला. ऐन कापूस वेचणीत. यवतमाळला कोणी गेलं नाही. गावानं तो पाहिला टीव्हीवर, जाहिरातींसकट.

"पयल्यात मच्छर बोलते," भाऊ म्हणाले. "ऐश्वर्याले चावलेला मच्छर तो चिट्टी रोबोट शोधून आनते, माफी मांगाले लावते. आहाहा! अन् दुसऱ्यात ऐश्वर्या कुठं हाये? फोनवर! मोबाइल वाईट म्हनून पिक्चर काढला अन् हिरोइन मोबाइलमंदीच ठेवली. कायले पाहाचा?"

मुद्दा बिनतोड होता. चावते ती मच्छराची मादी, नर फुलांच्या रसावर जगतो, एवढं मला सांगता आलं असतं. पण वस्तऱ्याला नवं ब्लेड लावल्याचा 'टक' आवाज आला होता.

बाकावरून डेअरीवाला पोरगा म्हणाला, "भाऊ, तुमी टीव्हीत पाह्यला. तो थ्रीडी कॅमेऱ्यानंच घेतलेला पिक्चर हाये. मी नागपूरले चष्मा लावून पाह्यला. मोबाइलचा पक्षी असा अंगावर येते..." इथं त्यानं बहुधा हात पसरले, कारण बाकावरचं कोणाचं तरी चहाचं कप पडलं.

"चष्मा लावून तं आमचे सरई पाहाते. त्यायले काय अंगावर येते?"

माझ्या अंगावर तेव्हा फक्त केस येत होते.

एवढ्यात शटरखालून कोणीतरी वाकून आत आलं. चप्पल फरफटण्याच्या आवाजावरून मी ओळखलं, टॉवरवाले काका. यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोबाइल टॉवर उभा आहे. त्याचं भाडं महिन्याला येतं, पाऊस पडो न पडो. गावात कापसाला भाव नसतो, तुरीला भाव नसतो, टॉवरला मात्र करार असतो. त्यामुळे '2.0' हा सिनेमा काकांना वैयक्तिक बदनामीसारखा लागतो. त्यात अक्षय कुमारनं पक्ष्यांचा अभ्यासक पक्षीराजन केलाय. टॉवरच्या लहरींनी पक्षी मरतात म्हणून तो जागोजाग दाद मागतो, कोणी ऐकत नाही, शेवटी तो टॉवरलाच गळफास घेतो आणि मग त्याचं भूत गावोगावचे मोबाइल उडवून नेतं.

"बंद करा ते," काका म्हणाले. "पिक्चर यायच्या आंधीच मोबाइल कंपन्यायच्या संघटनेनं सेन्सॉरकडं तक्रार केली होती, म्हाईत हाये का? कंपन्या काय येड्या हायेत?"

तक्रार झाली होती हे खरं. पण काकांनी ते अशा आवाजात सांगितलं की तक्रारीवर दुसरी सही त्यांचीच असावी.

"काका," कोपऱ्यातून आवाज आला, "पाखरं कमी झाले का नाई, तेवढं सांगा."

हे आमचे आबा. वय ऐंशीच्या पुढं. यांनी पहिला भाग पाहिलेलाच नाही. 'चिट्टी' हे नाव ऐकून पत्राचा पिक्चर असेल असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या भागाचे मात्र ते कट्टर भक्त. लढाई सुरू झाली की ते झोपतात; पक्षीराजन लहान असतानाचा आणि म्हातारा झाल्यावरचा भाग आला की सुनेला सांगून ठेवलेलं असतं, उठवायचं. पाखरं किडे खातात, पाखरं नसली तर अळी सगळं पीक खाईल, माणूस मरेल, असं तो सांगतो, तेव्हा आबा टीव्हीला हात जोडतात.

"आबा," काका म्हणाले, "ज्वारी हुरड्यावर आली का मचानावर गोफन घेऊन कोन उभं रायते? मीच का?"

"ते ज्वारीत," आबा म्हणाले. "हरबऱ्यात मी काय करतो?"

खरंय. हरभऱ्यात आबा आडवी काठी बांधून टी आकाराचे पक्षीथांबे उभे करतात. कृषी सहायकानं सांगितलंय: पक्षी त्यावर बसतो, खाली घाटेअळी दिसली की उचलतो. म्हणजे तोच पक्षी. धुऱ्याच्या अलीकडं त्याला दगड, पलीकडं बसायला पाट. त्या बिचाऱ्यानं आपण पाहुणे आहोत की चोर, हे पीक पाहून ठरवायचं. पक्षीराजन आमच्या गावात आला असता तर त्याचं भूत व्हायला इतकी वर्षं लागली नसती, आबांशी दोन तास बोलूनच झालं असतं.

"सर, तुमी सांगा. टावरनं चिमन्या मरते का?"

आला प्रश्न. कात्री माझ्या कानामागं उघडी. एका बाजूला काकांचं भाडं, दुसऱ्या बाजूला आबांची भक्ती. मला सांगायचं पुष्कळ होतं. टॉवरच्या लहरींची आपल्या देशातली मर्यादा 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. टॉवरमुळे चिमण्या गेल्या हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. चिमणीच्या पिलाला मऊ किडे लागतात आणि ते आपण फवारणीनं आधीच संपवतो. कवेलूची घरं होती तेव्हा तिला वळचण होती. स्लॅब पडला आणि तिचा दरवाजा बंद झाला. हे सगळं वर्गात मी फळ्यावर चार रेषा मारून सांगितलं असतं. इथं म्हणालो, "संशोधन चालू आहे."

दोघांचंही समाधान झालं. विज्ञानाचा गावाला एवढा उपयोग क्वचित होतो.

भांडण मिटत होतं तेवढ्यात दाढीसाठी बसलेला एक शेतकरी, आतापर्यंत गप्प, म्हणाला, "दुसऱ्या भागाचं मले काई सांगू नका. मी बीजी-टू पाह्यला हाये."

क्षणभर कोणाला उलगडा झाला नाही, मग सगळं दुकान हसलं. आमच्याकडं बीटी कापूस आला 2002 मध्ये, त्याचा दुसरा भाग, बीजी-टू, 2006 मध्ये. पहिल्या भागात बोंडअळी मारणारं जनुक एक, दुसऱ्यात दोन. बोंडअळीचा खातमा पक्का, असं वाटत होतं. 2017 साली गुलाबी बोंडअळी दोन्ही जनुकं पचवून बोंडात शिरली आणि कापसाची पऱ्हाटी उभीच्या उभी उपटावी लागली.

"खर्च डब्बल, अळी तेच," तो म्हणाला. "निस्ता कलर बदलला. पिक्चरचंई तसंच असन."

या परीक्षणावर कोणाकडे उत्तर नव्हतं. भाऊंनी खुशीत माझ्या डोक्यावर फवारा मारला.

आता माझं काय? भाऊंना कळलं तर पुढची कटिंग दारव्ह्याला, म्हणून इथं हळू आवाजात सांगतो: मला दुसराच आवडतो. पहिला चांगला आहे. शेवटी चिट्टी स्वतःचे भाग स्वतःच सुटे करतो, तिथं माझ्याही घशात येतं. पण किलिमांजारोचं गाणं म्हणायचं आफ्रिकेतल्या डोंगराचं आणि नाचायचं पेरूमधल्या माचू पिचूवर, हे आमच्या भूगोलाच्या मॅडमनी मला एकदा सांगितलं आणि तेव्हापासून ते गाणं नासलं. दुसऱ्या भागात सुरुवातीला लोकांच्या हातातले फोन सटासट उडून आभाळात जातात. ते पाहताना मला नववी 'ब' दिसते. पन्नास दप्तरं, त्यांतून फोन आपोआप वर येतायत, खिडकीतून रांगेनं बाहेर पडतायत, थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर. तेवढी दहा मिनिटं मी चार वेळा पाहिलीत. पुढं राक्षस, स्टेडियम, मारामारी. ते मीही सोसतो.

"सर, बोला ना मंग," भाऊ म्हणाले. कात्री ठेवून त्यांनी ट्रिमर उचलला होता. उजवा कल्ला झाला होता, डाव्यावर घरघर सुरू झाली. "पयला का दुसरा? आज सांगितल्याबिगर उठू नाई देत."

हुंकार संपले होते. बाकावर शांतता. काकांची चप्पलही थांबली. मी तोंड उघडलं आणि लाइन गेली.

टीव्ही गेला, पंखा गेला, ट्रिमर डाव्या कल्ल्याच्या मध्यात असताना 'घर्र' करून मेला. बाहेर सगळं गाव काळं. फक्त काकांच्या धुऱ्यावर टॉवरचा लाल दिवा, बॅटरीवर, निवांत.

"पाहा," काका म्हणाले, "आपलाच चालू हाये."

"भाऊ, उद्या करू," मी म्हणालो.

"असं अर्धं डोक्सं घेऊन शाळेत जाता का? पोट्टे हासन." त्यांनी चाचपडत कात्री शोधली. "ए, मोबाइल काढा रे. बॅटऱ्या लावा."

डेअरीवाल्यानं लावली. काकांनी लावली. शेतकऱ्यानं लावली. आबांनी सुनेचा आणला होता तोही वर धरला. भाऊंनी स्वतःचा दातात धरला, कारण हात मोकळे हवेत. माझ्या डोक्याभोवती पाच फोन तरंगायला लागले, वर, खाली, डावीकडं सरका, कानाजवय आना. चष्म्याविना मला माणसं दिसत नव्हती. नुसते उजेडाचे चौकोन, कळपानं, माझ्यावर झेपावलेले. थ्रीडी म्हणतात ते हेच असावं.

तेवढ्या झगमगाटानं शटरच्या खोक्यातली चिमणी जागी झाली. चिवचिवत खाली आली, आरशाला धडकली, फोनांच्या मधून दोन गिरक्या घातल्या.

"पक्षीराजन!" आबा ओरडले आणि हातातला फोन माझ्या मांडीवर पडला.

"हालू नका सर," भाऊ दातांतल्या फोनमधून म्हणाले. "कोनी हालू नका. बॅटरी बंद करा. बसू द्या तिले."

पाचही उजेड विझले. अंधारात आम्ही सहा माणसं श्वास रोखून बसलो. वरती काड्यांची खसखस झाली, मग तीही थांबली. किती वेळ गेला कोण जाणे. भाऊंची कात्री माझ्या डाव्या कल्ल्याला टेकलेली होती, थंडगार, अर्धी उघडी.

"बसली वाटते," आबा कुजबुजले.

"थांबा," भाऊ म्हणाले. "अजून थोडं."