कमल बस्ती हेमाडपंतांची नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ‘बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हेमाडपंती, म्हणजे हेमाडपंतांनी बांधलेली. चुन्याशिवाय दगड रचायची युक्ती त्यांचीच, ती त्यांच्या ग्रंथात दिली आहे. हलशी-देगावची देवळंही त्यांचीच.’ आपल्या भागाच्या अभिमानानं माणसं हे पुढे पाठवतात. तो अभिमान मलाही आहे, पण मजकूर खोटा आहे.

आधी सनावळी पाहू. बस्ती 1204 सालची. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज, त्यानं हे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, उभं केलं. बेळगाव तेव्हा वेणुग्राम होतं. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचे करणाधिप, म्हणजे दफ्तराचे प्रमुख आणि प्रधान. त्यांचा कारभार 1260 नंतरचा. मध्ये अर्ध्या शतकाहून जास्त अंतर आहे. शिवाय बस्ती बांधली तेव्हा इथं यादवांचं राज्यच नव्हतं. सिंघण यादवाच्या फौजेनं रट्टांना बुडवलं ते त्यानंतर.

चुन्याचं म्हणाल तर ती रीत फार जुनी. घडीव दगड एकमेकांवर बसवायचे, खाचेत खुंटी अडकवायची, बाकी काम वजन करतं. पट्टदकलची देवळं आठव्या शतकातली, अंबरनाथचं शिवालय 1060 चं. दोन्हीकडे हीच पद्धत. बस्तीतलं छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ बघा. एकावर एक पुढे सरकत जाणारी दगडांची वर्तुळं एकमेकांना धरून आहेत. हा हात पिढ्यान्‌पिढ्या घोटलेला आहे, एका प्रधानाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेला नाही.

ग्रंथाची गोष्ट तर सहज तपासता येते. हेमाद्रींचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ धर्मशास्त्राचा आहे : व्रतं, दानं, श्राद्ध. पाथरवटाला त्यात शिकण्यासारखं काही नाही.

मग हा शब्द आला कुठून? मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. मराठी मुलखात कुठलंही जुनं दगडी देऊळ दिसलं की लोक हेमाडपंतांचं नाव घेत. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरांनी तेच उचललं आणि लोकांच्या तोंडचा शब्द शास्त्रातला झाला. कानडी मुलखात अशाच देवळांना लोक जखणाचारी या दंतकथेतल्या शिल्पीचं नाव देतात. आपण दोन्हींच्या शिवेवर राहतो, त्यामुळे एकच देऊळ मराठी आजी हेमाडपंतांचं सांगते आणि कानडी अज्जी जखणाचारीचं. दोघींनाही जुन्या कारागिरीचं कौतुकच सांगायचं असतं. त्या कौतुकाला मान द्यावा, पण बांधणाऱ्याचं नाव आणि साल त्यातून काढू नये.

हेमाडपंती हा शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. यादवकाळातल्या, चुन्याविना रचलेल्या देवळांपुरता तो चालतो. कमल बस्तीला मात्र ‘रट्टांच्या काळातली, चालुक्य वळणाची’ म्हणावं. आणि ‘बस्ती’ म्हणजे लोकवस्ती असं कुणी मुलांना सांगत असेल तर तेही थांबवा. संस्कृत ‘वसति’वरून कानडीत ‘बसदि’ झालं, आपल्याकडे ‘बस्ती’. अर्थ जैन मंदिर.

राहिली हलशी आणि देगाव. दोन्हीकडची देवळं गोव्याच्या कदंब राजांच्या काळातली, बाराव्या शतकातली. हलशीच्या भूवराह नरसिंहाचं पायरी-पायरीनं चढणारं शिखर एकदा डोळे भरून पाहा. देगावचं कमलनारायण मंदिर कमलादेवी राणीसाठी उभं राहिलं, आणि ते घडवणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे : तिप्पोज. त्या काळच्या किती शिल्पींची नावं उरली आहेत? तो मजकूर पुढे पाठवताना आपण हे नाव पुसतो. पुढच्या वेळी आला, तर उत्तरात एवढंच लिहा : देगाव, तिप्पोज.