तळलेलं तेल गाळलं म्हणजे डिझेल झालं असं नाही

सध्या एक दावा जिकडेतिकडे फिरतोय, की तळणीचं उरलेलं तेल फडक्यातून गाळून सरळ डिझेल गाडीच्या टाकीत ओता, मूळ इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवलं होतं, ते लपवून ठेवलं गेलं, आणि प्रदूषण तर शून्य. प्लीज असं करू नका.

गाळल्याने कण जातात, दाटपणा जात नाही, आणि खरा घोळ दाटपणाचाच आहे. ४० अंश सेल्सिअसला खाद्यतेल डिझेलच्या साधारण दहापट दाट असतं, मग इंजेक्टरमधून बारीक फवारा उडतच नाही, थेंब अर्धवट जळतात, नोझलवर कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइलसुद्धा घट्ट करतं. सुरुवातीला गाडी मस्त पळते हो, म्हणूनच लोकांना पटतं.

शेंगदाणा तेलाचं म्हणाल तर १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ओटो कंपनीचं छोटं डिझेल इंजिन त्यावर चाललं हे खरंय, पण ते बनवलं होतं खनिज तेलासाठी, आणि हे डिझेल इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याने स्वतःच जाहीर सांगितलंय, लपवलं कुठे? शिवाय ते जुनं, सावकाश चालणारं इंजिन, आजच्या कॉमन रेल (खूप जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या) इंजेक्टरशी त्याची तुलनाच नको.

तेलाचं खरंच इंधन करायचं तर बायोडिझेल करावं लागतं. १०० किलो तेलाला साधारण ११ किलो मिथेनॉल, सोबत थोडा कॉस्टिक सोडा, ६० अंशाच्या आसपास ढवळायचं, मग जवळपास १० किलो ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वरचं पातळ ते बायोडिझेल, तेही धुवून, सुकवून मगच वापरायचं. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात पाणी आणि सुटी फॅटी ॲसिडं असतात, आधी टायट्रेशन करून (थेंबथेंब अल्कली टाकून आम्ल मोजायची चाचणी) ती ॲसिडं मोजली नाहीत तर भांड्यात साबण तयार होतो. आणि हे घरी अजिबात नको, मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आग लागलीये हेच कळत नाही!

प्रदूषण शून्य हेही खोटं. बायोडिझेलने धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, ते चांगलंच आहे, पण नायट्रोजन ऑक्साइड बहुतेकदा थोडे वाढतात.

मी बायोडिझेलच्या बाजूचाच आहे. तेल थंड करून डब्यात साठवा आणि ते गोळा करणाऱ्या प्लांटला द्या, तिथे त्याचं बायोडिझेल बनतं आणि टेस्ट होऊन ते डिझेलमध्ये ठरलेल्या प्रमाणात मिसळलं जातं.