अंधाराचे आरक्षण

काल संध्याकाळी जंगलातल्या एका तंबू-निवासाच्या मालकांनी माझ्याकडून हमीपत्र मागितले. मुक्कामाच्या काळात मी, अथवा माझ्यासोबतची कोणतीही व्यक्ती, कसल्याही प्रकारचा विधी करणार नाही, असे त्यात स्वहस्ताक्षरात लिहून द्यायचे आहे आणि सोबत ओळखपत्राची प्रत जोडायची आहे. माझ्या चारित्र्याची इतकी चौकशी लग्न ठरतानाही झाली नव्हती.

मागणी साधी होती. मला अंधार हवा होता. जगातली ८० टक्क्यांहून अधिक माणसे कृत्रिम उजेडाने डागाळलेल्या आकाशाखाली राहतात आणि सुमारे एक तृतीयांश माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसतच नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रकाशप्रदूषणाचा जागतिक नकाशा सांगतो. त्या एक तृतीयांशात मी आहे. म्हणून तसाच एक नकाशा उघडून, रंग संपून जिथे निखळ काळे पडते असा जंगलाचा तुकडा मी हेरला, सात जणांच्या रजा जुळवल्या (त्यावर स्वतंत्र ग्रंथ होईल, तो इथे नको) आणि फोन लावला.

"बोला मॅडम, किती पॅक्स?" पलीकडचा तरुण उत्साही होता.

मी संख्या सांगितली आणि तारीख अमावास्येच्या आसपासची हवी, असे म्हटले.

"अमावास्येच्या?" उत्साह किंचित ओसरला. "मॅडम, पौर्णिमा घ्या ना. पौर्णिमेला आपल्याकडे मूनलाइट डिनर असतो."

पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो तो उजाडेपर्यंत डोक्यावरून हलत नाही, त्याच्या उजेडात अंधूक तारे आणि आकाशगंगा धुऊन निघतात, त्यानंतर तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवत जातो आणि अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस रात्रीचा बहुतेक भाग मोकळा सोडतो, हे सगळे मी त्याला समजावून सांगितले. अमावास्या साडेएकोणतीस दिवसांनी येते आणि शनिवार सात दिवसांनी, त्यामुळे दोघांची गाठ घालून देणे किती जिकिरीचे असते, हेही सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे अमावास्याच पाहिजे?"

"हो."

"बरं. तंबू झाडीतला देतो. प्रीमियम आहे."

झाडीतला तंबू मला नको होता. जंगल आणि आकाश या दोन वस्तू एकत्र मागणाऱ्याला ही अडचण फार उशिरा कळते. अंधार मिळावा म्हणून माणूस जंगलात जातो आणि डोक्यावर पानांचे छप्पर असल्यामुळे जे पाहायला गेला, त्याचा टीचभर तुकडाच त्याच्या वाट्याला येतो. माळरान हवे, नदीचे पात्र हवे, निदान तळ्याचा काठ तरी हवा, जिथून क्षितिजापर्यंत नजर पोचेल. म्हणून मी म्हणाले, "झाडांपासून लांब, चारी बाजूंनी उघडी अशी जागा द्या."

"मोकळी जागा. बरोब्बर मधोमध?"

"मधोमध असेल तर उत्तमच."

तो लिहून घेत होता. पेनाचा आवाज मला ऐकू येत होता आणि मला वाटत होते की, किती कर्तव्यदक्ष मुलगा आहे.

मग मी दिव्यांचा विषय काढला. रात्री दिवे बंद ठेवता येतील का, असे विचारताच त्याचा आवाज अभिमानाने भरून आला. आत येणाऱ्या रस्त्याला हॅलोजन आहेत, प्रत्येक तंबूला एलईडीच्या माळा आहेत, तळ्यात रंग बदलणारे फोकस सोडले आहेत आणि मोठ्या झाडांच्या बुंध्यांशी जमिनीतून थेट वर मारणारे फ्लडलाइट नुकतेच बसवले आहेत. "अंधाराची एकही तक्रार नाही मॅडम आपल्याकडे," तो म्हणाला.

इथे माझे डोके खरोखर फिरले आणि ते अजून ताळ्यावर आलेले नाही. आपल्याला अंधाराची इतकी कसली भीती वाटते? पन्नास तारे मोजताना मारामार होईल असे शहर मागे टाकून माणसे शेकडो किलोमीटर जंगलात जातात आणि तिथे त्यांच्या स्वागताला काय असते, तर त्याच शहराचा चौक. पांढऱ्या एलईडीतल्या निळसर प्रकाशाचे हवेत विखुरणे अधिक असते, त्यामुळे असे मूठभर दिवेदेखील आसपासचे आकाश दुधाळ करून टाकतात. किड्यांचे थवे त्यांच्याभोवती घिरट्या घालून मरतात आणि काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसेनासे होतात. या सगळ्याला माहितीपत्रकात 'निसर्गाच्या कुशीत' असे म्हणायचे आणि त्या कुशीवर फ्लडलाइट मारल्याबद्दल जादा पैसेही घ्यायचे. असो.

"सगळे दिवे बंद? किती वाजता?"

"साधारण बारा ते चार."

"बारा ते चार तुम्ही काय करणार?"

"जमिनीवर झोपून वर बघणार."

"आणि उजेड अजिबात नको?"

"लाल चालेल," मी म्हणाले.

लाल चालतो याचे कारण अगदी सोपे आहे. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ही कमाई क्षणात घालवतो, उलट मंद लाल उजेडाचा डोळ्यांतल्या अंधारात पाहणाऱ्या पेशींवर फारसा परिणाम होत नाही. हे सांगायची संधी मला मिळाली नाही. त्याने फोनवर हात ठेवला होता, पण पुरता नव्हे.

"दादा, ती अमावास्यावाली बाई. मोकळ्या जागेत मधोमध पाहिजे म्हणते. बारा ते चार. लाल लाइट."

"माणसं किती?" मागून कोणीतरी विचारले.

"सात."

"विषम," तिसराच आवाज म्हणाला.

मग तो पुन्हा माझ्याशी बोलू लागला, पण आता 'आपल्याकडे' जाऊन 'आमच्याकडे' आले होते. "मॅडम, सामानात काय काय असणार?" मी सरळपणाने यादी वाचली: तीन पायांचा स्टँड, दुर्बीण, चटया, घोंगड्या, काळे कापड.

"काळं कापड कशाला?"

"दुर्बिणीवर दव पडू नये म्हणून."

"सर आहेत का घरात? जरा सरांना देता फोन?"

घरात सर नाहीत आणि असते तरी त्यांनीही काळे कापडच आणले असते, असे मी म्हणाले, तेव्हा फोन मालकांकडे गेला. ते 'ताई' म्हणून बोलले आणि वडीलकीच्या सुरात त्यांनी मला सांगितले की, आमच्याकडे फॅमिली येतात. मी माझ्या परीने बाजू मांडली. अमेरिकेतल्या नॅचरल ब्रिजेस या जागेला २००७ मध्ये जगातले पहिले आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पालाही जानेवारी २०२४ मध्ये ती मिळाली, तिथे अंधार राखला जातो आणि त्याचा गौरव होतो, असे सांगितले.

"ते सरकारी असेल ताई," मालक म्हणाले. "आम्ही प्रायव्हेट आहोत."

शेवटी तडजोड अशी ठरली की, हमीपत्र पोचल्यावर आमच्या बाजूचे दिवे बारा ते चार बंद राहतील, मात्र आमच्याच सुरक्षिततेसाठी एक रखवालदार दर पंधरा मिनिटांनी येऊन सातही जणांच्या तोंडावर बॅटरी मारून खातरजमा करून जाईल. कसली खातरजमा, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी फक्त एवढेच म्हणाले की, निदान त्या बॅटरीच्या काचेला लाल कागद लावता आला तर फार बरे होईल.

"बघा," मालक म्हणाले, "परत लाल आलंच की नाही?"