एम्पोरियाची नामवंत माणसं शोधताना पेपर कसा वाचायचा

एम्पोरिया हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं जेमतेम पंचवीस हजार वस्तीचं शहर. इथल्या नामवंतांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. त्यातून माणूस कळत नाही. त्यासाठी तिथला रोजचा पेपर वाचावा लागतो, आणि एकावर भागत नाही.

शहर वसलं १८५७ मध्ये, आणि त्याच वर्षी प्रेस्टन प्लम्ब यांनी तिथे पेपर काढला. प्लम्ब शहराच्या संस्थापकांपैकी एक, पुढे सिनेटर झाले. कॅटलॉगमध्ये हा पेपर शोधताना त्याच्या नावातल्या 'कॅन्सस'मधल्या पहिल्या 'एस'च्या जागी 'झेड' टाका. पेपरच्या नावाचं स्पेलिंग तसंच होतं.

विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांनी 'एम्पोरिया गॅझेट' घेतला १८९५ मध्ये, तीन हजार डॉलरला. १९२२ च्या रेल्वे संपात त्यांनी संपकऱ्यांच्या बाजूचा फलक कचेरीच्या खिडकीत लावला, अटकेपर्यंत वेळ आली. त्याच वादात लिहिलेल्या अग्रलेखाला १९२३ चं पुलित्झर मिळालं. हे सगळीकडे सापडतं.

पण व्हाइट संपादक म्हणून काय होते ते मुलीच्या मृत्युलेखात दिसतं. सोळा वर्षांची मेरी १३ मे १९२१ ला गेली, लेख आला १७ मेला. म्हणून मृत्यूच्या दुसऱ्या दिवसाचा अंक पाहून थांबू नका, पुढचा आठवडाभर तरी वाचा. बाहेरच्या बातम्यांनी ती घोड्यावरून पडली असं छापलं होतं. बापाने ते खोडून काढलं: गॅझेट टाकणाऱ्या ओळखीच्या मुलाला तिने लगामाच्या हाताने खूण केली, घोडा वळला आणि खाली आलेली फांदी डोक्याला लागली. हायस्कुलात कृष्णवर्णीय मुलींसाठी विश्रांतीची खोली असावी म्हणून ती धडपडत होती, हेही त्यात आहे. इतका जवळून लिहिलेला मजकूर दूरच्या मालकाच्या पेपरात येणं मला अशक्य वाटतं.

आता शोधाच्या अडचणी. जुने अंक मायक्रोफिल्मवरून स्कॅन केलेले असतात आणि अक्षरं यंत्र ओळखतं. 'आर' आणि 'एन' चिकटले की ते 'एम' वाचतं, ओळीअखेर तुटलेलं आडनाव त्याला सापडतच नाही. मग आडनाव सोडा. रस्ता, चर्च, दुकान किंवा हुद्दा टाकून पाहा. लग्न झालेल्या बायका नवऱ्याच्या नावाखाली छापल्या जात. व्हाइट यांच्या पत्नी सॅली हव्या असतील तर 'मिसेस डब्ल्यू. ए. व्हाइट' टाका. नुसतं 'सॅली' शोधून तिथल्या बायका काहीच करत नव्हत्या असा निष्कर्ष काढणारे लेख वाचून खरंच वाईट वाटतं.

गाव सोडलेल्यांचं निराळं. बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक डीन स्मिथ १९३१ मध्ये इथे जन्मले, पण नाव झालं नॉर्थ कॅरोलिनात. त्यांच्या घरच्यांची माहिती हवी तर वडील आल्फ्रेड स्मिथ यांना शोधा, तेही क्रीडापानावर, कारण ते एम्पोरियाच्या हायस्कूल संघाचे प्रशिक्षक होते.

आणि व्हाइट यांच्याविषयी त्यांच्याच पेपरात वाचलेलं अर्धंच धरा. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी 'एम्पोरिया रिपब्लिकन' हा प्रतिस्पर्धी पेपर त्याच तारखांना शेजारी उघडून ठेवा.