तापलेले इंजिन आणि गार डोक्याचे लोक

इंजिन तापून बिघडले की त्यात नेमके काय बिघडले आहे हे कळायला बराच काळ जावा लागतो. कोणामुळे बिघडले हे मात्र तत्काळ कळते. ते गाडीच्या मालकामुळे बिघडलेले असते. या निदानासाठी बॉनेट उघडण्याची गरज नसते, गाडी पाहण्याचीही नसते. "गाडी गरम झाली होती" एवढे शब्द कानावर पडले की समोरच्या माणसाच्या भुवया वर जातात आणि तो विचारतो, "काट्याकडे लक्ष नव्हतं का?"

लक्ष होते. त्या काट्याइतक्या निष्ठेने मी घड्याळाकडेही कधी पाहिलेले नाही. पण तापमानाचा काटा हा सत्य सांगण्यासाठी नसून मालकाचे मन शांत ठेवण्यासाठी बसवलेला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुष्कळशा आधुनिक गाड्यांत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवण्यासाठी त्यातून फिरणारे द्रव, 80 अंशांवर असो की 105 अंशांवर, काटा मध्यावरून हलत नाही, कारण तो जरा हलला तरी लोक घाबरून तक्रार घेऊन येतात, हे बनवणाऱ्यांना अनुभवाने कळलेले आहे. त्याहून गंमत पुढेच आहे. ज्या सेन्सरच्या भरवशावर हा काटा चालतो, तो कूलंटमध्ये बुडालेला असावा लागतो. कूलंटच निघून गेले की तो पोकळीत लोंबकळत राहतो आणि इंजिन आतून भाजून निघत असतानाही वर "सर्व ठीक" असे कळवू शकतो. माझ्या गाडीत रेडिएटरच्या जाळीला दाबून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीला बारीकशी चीर पडली होती आणि तिच्यातून कूलंट रस्ताभर वाफ होऊन उडून गेले होते. जमिनीवर डाग नाही, थेंब नाही. काटा मध्यावर.

पुलाच्या मधोमध गाडीतला इशाऱ्याचा लाल दिवा लागला, म्हणजे जिथे गाडी थांबवायला जागाच नव्हती तिथे. अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, कारण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत ओढून घेतो, हे मला माहीत होते. त्याप्रमाणे मी हीटर लावला आणि शेजारी बसलेल्या पत्नीला थोडा वेळ सोसण्याची विनंती केली. तिने पदराने चेहरा झाकून घेतला, डोळे मिटले आणि मग आश्चर्याने उघडले. "अहो, हा तर छान गार वारा येतोय!" ती म्हणाली. त्या संपूर्ण प्रवासातली सर्वांत वाईट बातमी तीच होती. हीटरमधून गार वारा येतो याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचायला गरम पाणीच शिल्लक राहिलेले नाही.

पूल उतरताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. ज्या वेगाने वाफ बाहेर आली त्याच वेगाने मदतनीस गोळा झाले, आणि पुढची काही मिनिटे मी गाडीपेक्षा त्यांनाच आवरण्यात घालवली. एकाला रेडिएटरचे झाकण उघडायचे होते. ते झाकण आतला दाब वातावरणापेक्षा साधारण एका बारने जास्त ठेवते, आणि म्हणूनच कूलंट, म्हणजे पाणी व ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, जे उघड्यावर सुमारे 107 अंशांना उकळले असते, ते बंद यंत्रणेत जवळजवळ 129 अंशांपर्यंत तग धरते. झाकण फिरवताक्षणी तो दाब जातो, उरलेसुरले मिश्रण एकदम उकळते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. हे सगळे मी सांगेपर्यंत त्याने हाताला फडके गुंडाळलेही होते. दुसऱ्याला तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचे होते. तापलेल्या धातूवर अचानक गार पाणी पडले तर त्याला तडा जाऊ शकतो, असे मी म्हटल्यावर तो इतरांकडे वळून म्हणाला, "इतकं माहीत आहे, मग गरम होऊ कशी दिली?" या प्रश्नाला माझ्याकडे अद्याप उत्तर नाही.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने ऑइलची पट्टी बाहेर काढली, बोटावर ऑइल घेतले आणि ते बोट काही न बोलता माझ्या नाकासमोर धरले. ऑइलचा रंग दुधाळ झाला होता, म्हणजे त्यात पाणी शिरले होते. "साहेब, इंजिनचं काम निघालंय," तो म्हणाला. किती काम आहे, असे विचारल्यावर त्याने तेच सांगितले जे जगातला प्रत्येक मेकॅनिक सांगतो: खोलल्याशिवाय काही सांगता येत नाही. शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर बसलेल्या नातेवाइकाप्रमाणे मी बाकावर बसून राहिलो. फरक इतकाच की, तिथे नातेवाइकाला कोणी "तुम्हीच काहीतरी केलं असेल" असे म्हणत नाही.

बाकावर बसल्या बसल्या माणूस विचार करू लागतो. सिलिंडरमध्ये पेटणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर 2000 अंशांच्याही वर जाते आणि ज्या ॲल्युमिनियमचे हेड त्याच्या माथ्यावर बसवलेले असते ते 660 अंशांना वितळते. पेट्रोलमधून मिळणाऱ्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाहूनही कमीच चाकांच्या कामी येते. उरलेली धुराड्यातून आणि कूलंटमधून बाहेर टाकावी लागते. म्हणजे गाडी रोज सुखरूप घरी येते हाच खरा चमत्कार आहे आणि त्याबद्दल आजवर कोणी माझे अभिनंदन केलेले नाही. चीर पडते ती मात्र माझ्या नावावर जमा होते.

हेड उघडले. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. माझ्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा खालचा भाग, बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, आणि दोघांना बोल्टांनी आवळून टाकलेले; पसरायला जागा न मिळालेले हेड मग वाकते, दोघांमधली फट बंद ठेवणारे गॅस्केट दगा देते आणि पाणी, ऑइल व जळता वायू ज्या तीन वेगळ्या वाटांनी जायचे त्या एकमेकींत मिसळतात. मेकॅनिकने हेड टेबलावर उलटे ठेवले, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि तिच्याखाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाने एकेक करून सरकवायला सुरुवात केली. 0.05 मिलिमीटरचे पान विनासायास आत गेले. 0.10 चे गेले. 0.15 चे पान थोडे अडले, त्याने किंचित कोन बदलला, तेही गेले. माणसाचा केस 0.05 ते 0.10 मिलिमीटर जाडीचा असतो. दोन केस मावतील एवढ्या फटीसाठी एवढे मोठे यंत्र खिळखिळे करून टेबलावर पसरलेले पाहताना मला त्या सगळ्या लोकांची आठवण झाली, ज्यांनी मला फोनवर "मोठं काही नसेल" असा धीर दिला होता. मोठे खरोखरच काही नव्हते.

यानंतर मार्ग निघतात आणि प्रत्येक मार्गावर एक सल्लागार उभा असतो. हेडचे फेसिंग करून घ्या, म्हणजे ते घासून सपाट करा, असे एक म्हणतो. पण घासणार किती? जास्त घासले तर वरची जागा कमी होऊन कॉम्प्रेशन, म्हणजे आतला वायू दाबला जाण्याचे प्रमाण, वाढते आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. जुने इंजिन आणून बसवा, असे दुसरा सुचवतो. ते इंजिन आधीच्या मालकाच्या हातून किती वेळा तापले होते, हे त्याला विचारायचे नसते. तिसरा म्हणतो, गाडी काढून टाका, आणि तो स्वतःच गाडी शोधत असतो. विमा कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा त्यांच्या माणसाने अत्यंत सभ्य स्वरात समजावले की इंजिनातला बिघाड हा अपघात नव्हे, आणि गाडी तापल्यावरही चालवत राहिल्याने झालेले नुकसान तर मुळीच नव्हे. अर्जात एक रकाना होता: इशारा मिळाल्यानंतर गाडी किती अंतर चालवली? मी "पुलाचा उरलेला भाग" असे लिहिले. त्याने ते वाचले आणि केवळ "हं" असे म्हटले. एवढ्या लहान उच्चारात इतका मोठा निकाल मी पूर्वी ऐकला नव्हता.

शेवटी हेडला दाब देऊन तडा नसल्याची खात्री केली गेली, त्याचे फेसिंग झाले, नवे गॅस्केट आले आणि नवे बोल्टही आले. जुने बोल्ट दिसायला धडधाकट होते, पण त्या जातीचे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. मेकॅनिकने ते मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने, आधी टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आणि मग फिरवण्याच्या कोनाचे अंश मोजून आवळले. तेवढा वेळ त्याने कोणालाही बोलू दिले नाही. त्या शांततेत माझ्यावर एकही आरोप झाला नाही, म्हणून तो अर्धा तास मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुखाचा गेला.

रेडिएटर बदलला, ऑइल दोनदा बदलून आतली दुधाळ घाण काढली, गाडी सुरू झाली आणि पांढरा धूर आला नाही. मेकॅनिकने इंजिनाच्या कामाची हमी लेखी दिली. मग बटणाएवढी एक धातूची चकती काढून ती त्याने हेडच्या बाजूला काळजीपूर्वक चिकटवली. हे काय, असे मी विचारले. ही हीट टॅब, तो म्हणाला; इंजिन पुन्हा साधारण 125 अंशांपर्यंत तापले की हिचा मधला भाग वितळून पडतो, मग आम्हाला विचारावे लागत नाही आणि मालकाला सांगावे लागत नाही. मी हमीपत्र पुन्हा वाचले. सर्व दोषांची जबाबदारी त्यांनी घेतली होती. फक्त चकतीचा मधला भाग जागेवर नसेल तर हमी रद्द, आणि त्या ओळीखाली मालकाच्या सहीसाठी जागा सोडलेली होती.