कान शार्प, डोळे सॉफ्ट : ‘निगेटिव्ह’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार निगेटिव्हराव,

टोपणनावाला ‘राव’ जोडलं म्हणून रागावू नका. ‘निगेटिव्हजी’ म्हणालो असतो तर एखाद्या मालिकेतल्या सासूबाईंशी बोलल्यासारखं वाटलं असतं.

पुण्याची विसर्जन मिरवणूक हाताने फोकस करायच्या २४ मिमी एफ/१.४ लेन्सने कशी टिपायची, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीन दिवस तशीच ठेवली. पहिल्या दिवशी लिहिलेलं उत्तर खोडलं, कारण त्यात मुद्दा कमी आणि फणकारा जास्त होता. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा (‘वाइड’ म्हणजे रुंद दृश्य मावणारी लेन्स; ‘एफ’ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सच्या भोकाचं माप: आकडा लहान तितका उजेड जास्त, पण शार्प येणारा पट्टा अरुंद): तीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरी केलेल्या या गृहस्थांचं म्हणणं असं की, ‘२४ मिमीच्या वाइड लेन्सला एफ/१.४ म्हणजे बैलगाडीला रेसिंगचे टायर. वाइडने डोंगर काढायचे, तेही एफ/८ ला, ट्रायपॉडवर. “दोन मीटरवर लावा आणि विसरून जा” हा तुमचा सल्ला एफ/१.४ ला साफ चुकीचा आहे; तुमच्याच तिसऱ्या फोटोत ताशेवाल्याचा कान तेवढा शार्प आलाय. ऑटोफोकसवाली परवडत नाही म्हणून मॅन्युअलची घेतली, इथवर ठीक. तिला “साधना” कशाला म्हणता? आणि हल्लीचा बरा फोन हे सगळं खिशातून करतो.’

कानापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही मला पकडलंय.

‘विसरून जा’ हे मी एफ/८ च्या सवयीने लिहून गेलो. २४ मिमीला एफ/८ वर फोकस २.४ मीटरवर ठेवला की सव्वा मीटरच्या अलीकडपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालून जातं. दिवसाउजेडी रस्त्यावर फोटो काढणारे हेच करत आलेत. पण एफ/१.४ ला, दोन मीटरवर लावलेली तीच लेन्स साधारण १.७५ ते २.३५ मीटर एवढाच पट्टा धरते. साठ सेंटिमीटर. एक ढोल आणि त्यामागचा माणूस जेमतेम मावेल एवढं. शिवाय हा हिशेबही फिल्मच्या काळातला, सेन्सरवर ०.०३ मिमीचा धूसर ठिपका खपून जातो असं धरून केलेला. फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून कान तपासणारा वाचक भेटला की पट्टा आणखी आक्रसतो!

पण साठ सेंटिमीटरमध्ये एका माणसाचे डोळे आणि कान दोन्ही बसायला हवे होते. ते का बसले नाहीत, हे मला सुचेना. शेवटी घरच्या पॅसेजमध्ये मोजपट्टी अंथरली, एका टोकाला स्टुलावर पंचांग उभं केलं (बारीक अक्षरासाठी त्याच्याइतकं चांगलं टेस्ट चार्ट नाही) आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठच्या स्क्रीनवर, दहापट मोठं करून एकेक अंतर तपासलं. लेन्सच्या रिंगवर जिथे ‘२’ लिहिलंय तिथे लेन्स प्रत्यक्षात २.४ मीटरवर फोकस करते. म्हणजे त्या रात्री माझा पट्टा दोन मीटरच्या थोडा पुढे सुरू झाला. ताशेवाल्याचे डोळे त्याच्या अलीकडे राहिले, कान आत आला. तुमची नजर आणि माझी मोजपट्टी दोन्ही एकच सांगतायत.

आता रिंगवर बायकोच्या पांढऱ्या नेलपॉलिशचे तीन ठिपके आहेत: खरा एक, खरा दोन, खरा तीन. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजायचं नाही. कॅमेऱ्याच्या माथ्यावर आडवी रेघ मारलेलं एक छोटं वर्तुळ असतं, ती आतल्या सेन्सरच्या जागेची खूण, मोजायचं तिथून. मीटरभरावर काम असेल तर लेन्सची लांबीच दहा-बारा सेंटिमीटरचा घोळ घालते.

आता बैलगाडीचे टायर. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार.

वाइड म्हणजे डोंगर, ही तुमची व्याख्या सिंहगडावर ठीक आहे. लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौकाच्या अलीकडे, रात्री नऊच्या सुमारास, मागे बंद दुकानाचं शटर, दोन्ही बाजूंना घामाघूम पब्लिक आणि पोटाला कार्यकर्त्यांनी धरलेला दोर, अशा अवस्थेत मागे सरकायला वीतभर जागा नसते. पथकाची रांग तुमच्यापासून दोन मीटरवरून जाते. पाच ढोल, त्यांच्यामागची रोषणाई आणि वर कुणाच्या तरी गॅलरीतल्या आज्या, हे सगळं एका चौकटीत हवं असेल तर २४ मिमी ही चैन उरत नाही. आणि डोळ्यांना झगमगाट वाटला तरी प्रकाश तिथे फार नसतो. रोषणाई मागे असते, चेहरे अंधारात.

माझा हिशेब असा होता: आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) ३२००, एफ/१.४, शटर १/१०० सेकंद. एफ/२.८ च्या झूमने हेच काढायचं तर शटर १/२५ वर येतं, एफ/४ च्या झूमने १/१३ वर. टिपरू ढोलावर पडतं त्या क्षणी १/२५ ला हातातलं टिपरू नाहीसं होतं, नुसता पांढरा फराटा उरतो. कधी तो फराटाच हवा असतो, मान्य. पण चेहराही हलतो त्याचं काय? आयएसओ चौपट वाढवणं हा दुसरा उपाय. माझ्या जुन्या डीएसएलआरला १२८०० वर नेलं की गुलाल आणि कातडी यांचा रंग एकच होतो. (१/१०० च का, असं कुणी विचारेल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर त्याहून वेगवान ठेवलं तर फोटोत काळे पट्टे येण्याची शक्यता वाढते. हे मी दोन गणपतींमागे पूर्ण रात्र वाया घालवून शिकलो.)

एफ/१.४ ला पाठीमागचं लोण्यासारखं विरघळवणं हा वाइड लेन्सचा धंदाच नाही. ते तुमच्या ८५ मिमीने करावं. वाइडला एफ/१.४ लागतं ते शटरसाठी. ५० मिमी एफ/१.४ दोन मीटरवर लावली तर पट्टा मिळतो फक्त तेरा-चौदा सेंटिमीटरचा. तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच प्रकाशात २४ मिमी साठ देते. उघड्या अ‍ॅपर्चरला हाताने फोकस लावून माणसं काढायची हिंमत करावी, अशी लेन्स वाइडच असू शकते. तुमची गाडी उलटी जुंपलीय, राव!

फुकट मात्र काही मिळत नाही. डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा असतो, म्हणून निकॉनच्या माउंटला (लेन्स अडकवायच्या कड्याला) लेन्स सेन्सरपासून ४६.५ मिमी दूर बसते. २४ मिमीची लेन्स ४६.५ मिमी लांबून काम करणार कशी? तर पुढे मोठं अंतर्वक्र भिंग लावून, दुर्बीण उलटी धरल्यासारखी रचना करून. फ्रान्सच्या आंजेन्यूने १९५० मध्ये ३५ मिमी एफ/२.५ अशी लेन्स आणली आणि तिला दिलेलं ‘रेट्रोफोकस’ हे नाव पुढे त्या साऱ्या जातीलाच चिकटलं. तीच रचना एफ/१.४ पर्यंत ताणायची म्हणजे काच वाढते, वजन वाढतं, आणि तरी कोपरे काळवंडतात. माझ्या लेन्सचे एफ/१.४ ला चांगलेच काळवंडतात. मिरवणुकीत ते खपतं, कारण कोपऱ्यात अंधारच असतो. लग्नाच्या स्टेजवर पांढऱ्या पडद्यापुढे नाही खपणार.

तुम्ही जे बोलायला हवं होतं आणि बोलला नाहीत, तेही इथेच सांगून टाकतो. एफ/१.४ ला कोपऱ्यातला प्रत्येक बल्ब पाखरासारखा पंख पसरतो. याला कोमा म्हणतात. एलईडीच्या माळांनी मढवलेला देखावा चौकटीभर घेतला की चारही कोपऱ्यांत थवे बसतात. माझ्या लेन्समध्ये ते एफ/२ ला निम्मे उडतात, एफ/२.८ ला बहुतेक सगळे. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना हे जास्त छळतं. वेल्ह्याच्या बाजूला एप्रिलच्या पहाटे आकाशगंगेचा धनू राशीकडचा भाग दक्षिणेला चांगला वर येतो, २४ मिमीला वीसेक सेकंदांपर्यंत तारे ठिपके राहतात. तिथे मी एफ/२ च्या वर लेन्स उघडतच नाही. आणि कडेला माणूस ठेवू नये. ग्रुप फोटोत टोकाला उभी राहिलेली मावशी २४ मिमीत दुप्पट रुंद होते आणि पुढची दिवाळी फराळाला बोलावत नाही.

आता मॅन्युअल फोकस. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे.

डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, रिंग फिरवत एफ/१.४ ला अचूक फोकस करता येतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मूळ लेखात मी तसं सुचवलं असेल तर माझ्यावरही नको. हल्लीच्या डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन उजळ दिसावा म्हणून असा बनवलेला असतो की तो साधारण एफ/२.८ इतकीच डेप्थ, म्हणजे शार्प पट्ट्याची खोली, दाखवतो. डोळ्याला शार्प दिसतं, सेन्सरवर नसतं. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात मधोमध दुभंगलेलं चित्र जुळवायची सोय होती, ती गेली. लाइव्ह व्ह्यू मोठा करणं अचूक, पण पाठीत कोपर बसत असताना तेही जमत नाही. उरतं काय, तर अंतर. आणि मिरवणुकीत अंतर आयतं मिळतं, कारण दोर असतो! दोराच्या अलीकडे मी, पलीकडे पथक. रांगेमागून रांग त्याच दोन मीटरवरून जाते. मधेच भगवा ध्वज फडफडत आडवा गेला तर माझा ऑटोफोकस त्या ध्वजावर उडी मारतो, आणि परत चेहरा सापडेपर्यंत तालाचा उठाव संपलेला असतो. हाताने लावलेली रिंग ध्वजाकडे बघतसुद्धा नाही.

‘मग ऑटोफोकसच्या लेन्सचं बटण एमवर टाका,’ असं तुम्ही म्हणाल. टाकून पाहिलं. एका मित्राची आणली होती. तिची रिंग गोल गोल फिरतच राहते, ना अंतराचे आकडे, ना शेवटचं टोक. आत सगळं मोटरवर. कॅमेरा बंद करून चालू केला की लावलेलं अंतर गायब. सगळ्याच तशा नसतात, पण अनेक असतात. आकडे असलेली, हात लावल्याशिवाय न हलणारी रिंग ही सोय आहे, नॉस्टॅल्जिया नाही.

तरी उरलेलं अर्ध कबूल: दोर नाही, अंतर बदलतंय, माणूस अंगावर चालत येतोय, अशा ठिकाणी माझी लेन्स हरते. लहान मुलं, लग्नातला हार घालायचा क्षण, वारीत अचानक सुरू झालेली फुगडी. नव्या मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्याचा डोळा शोधणारा ऑटोफोकस हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. ऑर्डरीचं काम असेल तर कुणी ही लेन्स घेऊ नये. फोटो हुकला तर वधूपक्षाला मोजपट्टीचा खुलासा देता येत नाही.

पैशांचं म्हणाल तर हो. ऑटोफोकसवाल्या २४ मिमी एफ/१.४ पैकी काही लाखाच्या पुढे जातात. माझी सेकंडहँड, त्याच्या बऱ्याच खालच्या पैशांत आली. मॅन्युअल म्हणजे गरिबाचंच, असं मात्र नाही. लायकाने २००८ मध्ये २१ आणि २४ मिमीच्या एफ/१.४ लेन्स आणल्या, दोन्ही हाताने फोकस करायच्या, आणि त्यांच्या किमती आपण उच्चारायच्याही नाहीत. पण त्या लोकांनी कौतुकाने घेतल्या, मी नाइलाजाने. ‘साधना’ हा शब्द वाचून मलाच लाज वाटली. तो काढलाय.

फोनबद्दल फार लिहीत नाही. फोनमधला मोठ्यात मोठा, ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर साधारण १३ × १० मिमीचा असतो. माझा ३६ × २४, क्षेत्रफळाने साडेसहापटीहून मोठा. फोन ही तूट अनेक फोटो एकावर एक रचून भरून काढतो. शनिवारवाड्याचा दरवाजा काढताना ते छान जमतं, कारण दरवाजा ढोल वाजवत नाही.

लेखात आता ‘विसरून जा’च्या जागी असं लिहिलंय: ‘आधी घरी मोजपट्टीने रिंग तपासा. शक्य असेल तिथे एफ/२ वापरा. दोन मीटरवर साधारण १.६५ ते २.५ मीटरचा पट्टा मिळतो आणि पाखरंही कमी होतात. एफ/१.४ त्यानंतरही अंधार उरला तरच.’ दुरुस्तीखाली तुमचं टोपणनाव दिलंय. नको असेल तर कळवा.

तिसरा फोटो मात्र बदललेला नाही. बाकीचे चाळीसएक परत पाहिले. ज्यांत डोळे शार्प आहेत त्यांत ताशेवाला माझ्याकडे बघतोय, आणि यात तो बाजूच्या ढोलवाल्याकडे बघून हसतोय. कान तर कान.