जिनातला फोटो आणि लेआउटची अफवा

बंद पडलेल्या जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्याचा, फोटो काढण्यात कॅमेऱ्याचं काम चार आण्याचं. बाकीचे बारा आणे, आपण प्लॉट पाडायला आलेलो नाही हे गावाला पटवण्यात जातात.

तिपाई उघडली की प्रश्न हजर: "काऊन भाऊ, लेआउट पडून रायला का?" गावात तिपाई आणतो तो मोजणीवाला, हे सगळ्यांना पाठ. "फोटोसाठी" म्हटलं की संशय दुप्पट होतो. भिंतीत पिंपळ उगवलेल्या इमारतीचा फोटो शहाणा माणूस कशाला काढेल? परवानगी मालकाची घ्यावी, तर मालक सात, सातही कोर्टात, आणि किल्ली चौकीदाराच्या खिशात. त्याचा खर्रा घोटून होईपर्यंत घाई करू नये.

मे महिन्यात तर जाऊच नये. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंत चालेल असं असतं. लिहिणाऱ्यानं आमचा मे पाहिलेला नसतो. पावसाळ्यात गाजरगवत छातीला लागतं आणि त्यात विहीर कुठं आहे ते विहिरीलाच ठाऊक. डिसेंबरात सकाळी आठ-साडेआठला पत्र्याच्या भोकांतून तिरपं ऊन येतं, तीच वेळ.

आत रेच्यांची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांची, रांग. काळं लोखंड उजेड गिळतं, वरचं भोक पांढरंफटक. एका फोटोत दोन्ही मावत नाही. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) ८, आणि तेच दृश्य तीनदा, शटर उघडं ठेवून: ४ सेकंद, १ सेकंद, पाव सेकंद. मग घरी जोडायचं. टायमर २ सेकंदांवर ठेवायचा, तिपाईवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद. लेन्स आत बदलायची नाही. तुळयांवर अजून रुई लोंबते, तिचा एक तंतू सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक आभाळात तोच किडा.

प्रेसच्या, म्हणजे रुई दाबून गाठी बांधायच्या यंत्राच्या, माडीवर पाटण लाकडी. वाळवीनं वरचा पापुद्रा तेवढा ठेवलेला असतो. खिळ्यांची रांग दिसते तिथं खाली तुळई, पाय तिच्यावरच. कधीकाळी इथं १७० किलोच्या गाठी बांधल्या जात, हे आठवून आपल्या ७० किलोंचा भरवसा धरू नये. वटवाघळांच्या लेंडकांची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क, आणि आग्यामोहोळ दिसलं तर फोटो राहू द्यावा.

हा उपद्व्याप कशाला? नागपूरची १८७७ ची एम्प्रेस मिल होती, तिथं आता मॉल आहे.

चार सेकंदांच्या फोटोत मधेच चौकीदार चालून जातो आणि धुराचा पट्टा उमटतो. मग तो म्हणतो, "आमचाबी एक काढा ना भाऊ." बॉयलरपाशी उभा राहतो, टोपी सरळ करतो, श्वास धरतो. चारही सेकंद पापणी हलत नाही. रेच्याला लटकलेला पट्टा वाऱ्यानं हललेला दिसतो, तो मात्र लखलखीत.

"आता सांगा," तो श्वास सोडत विचारतो, "कोपऱ्यावरचा प्लॉट कितीले?"